जूनचा सीझन आणि पोरांसह आलेलं गिऱ्हाईक: शालेय वस्तूंच्या दुकानात नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

गणवेश, बूट, दप्तरं, रेनकोट विकणाऱ्या दुकानांत मेच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जादा माणसं लागतात. सीबीएसईच्या काही शाळा एप्रिलमध्येच सुरू होतात, तेव्हा एक छोटी लाट येऊन जाते. खरी गर्दी मात्र १५ जूनच्या आधीच्या दोन रविवारी होते. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, म्हणून तिकडे हाच हिशोब आठवडा-दोन आठवडे पुढे सरकतो. या दिवसांत कामाला लागणाऱ्या बऱ्याच जणांची ही पहिलीच नोकरी असते. शर्टाची घडी, बिल मारणं, कुठल्या शाळेचा कुठला टाय हे चार दिवसांत हातात बसतं. अडतं ते माणसांपाशी, कारण इथे पैसे देणारा एक, वापरणारा दुसरा आणि पसंती करणारी कित्येकदा तिसरीच, म्हणजे सोबत आलेली आजी.

या सगळ्यात एक नियम पाळायचा: पोराच्या रडण्यावर माल विकायचा नाही. ऐकायला भाबडं वाटतं, पण हा धंद्याचाच हिशोब आहे. हट्टापायी नाइलाजाने घेतलेलं दप्तर दोन दिवसांत बदलायला येतं, तोवर त्याचा टॅग तुटलेला असतो, आणि काउंटरवर भांडण होतं. त्याहून वाईट म्हणजे ती आई पुढच्या जूनला समोरच्या दुकानात जाते. मूल पहिलीत असेल तर त्या घरची निदान नऊ वर्षांची खरेदी पुढे आहे, हे लक्षात असू द्या.

शटर उघडल्यावर: आधी खाली बसून बघा

झाडलोट झाली की दुकानाच्या मधोमध उकिडवे बसा. तीन फुटांवरून दुकान वेगळंच दिसतं. काउंटरच्या काचेचा कोपरा बरोबर पाच वर्षांच्या पोराच्या कपाळाशी येतो. बेल्ट टांगायचे हूक डोळ्यांच्या रेषेत असतात. शटर ओढायचा आकडा भिंतीला नुसता टेकवलेला असतो. माळ्यावर चढायची शिडी उघडीच उभी असते आणि पोरांना ती चढायला दिसली की झालं. आकडा आणि शिडी आत ठेवा, काचेच्या कोपऱ्याला फोम चिकटवा, हूक वर घ्या.

टाचण्यांकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. पॅकिंगमधल्या शर्टाला कॉलरपाशी, बाहीला आणि पाठीमागे मिळून चार-सहा टाचण्या असतात. काही कंपन्या हल्ली प्लॅस्टिकच्या क्लिपा लावतात. शर्ट ट्रायलला देण्याआधी टाचण्या तुम्हीच काढायच्या, काढलेल्या मोजायच्या आणि झाकणाच्या डबीत टाकायच्या. काउंटरवर तात्पुरती ठेवलेली टाचणी खाली पडतेच, आणि ट्रायलसाठी बूट काढलेलं पोर दुकानभर अनवाणी फिरत असतं. दोऱ्याला बांधलेलं एक लोहचुंबक ठेवा आणि दिवसातून दोनदा जमिनीवरून फिरवा.

बुटांच्या खोक्यातली दमट शोषणारी पांढरी पुडी आणि शर्टाची प्लॅस्टिकची पिशवी या दोन्ही गोष्टी लहान पोरं तोंडात घालतात किंवा डोक्यात ओढतात. खोकं उघडलं की पुडी थेट कचऱ्यात टाका. लाइटचे बूट, बोलणारी घड्याळं, गाणारे कंपास यांत बटणासारखे चपटे सेल असतात. असा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका आतून भाजू शकते. शंका जरी आली तरी उलटी करवायला जाऊ नका, पालकांना तसंच हॉस्पिटलला जायला सांगा आणि सेलचं पाकीट सोबत द्या. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर असा माल पोरांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी मांडूच नका.

पहिला पाऊस पडला की दारात गोणपाट, छत्र्यांसाठी बादली आणि लादी कोरडी करायला एक माणूस, एवढं हवंच. ट्रायल रूमची कडी पोरांच्या हाताला येईल अशी खाली असू नये. आतून कडी लावून घेणारं पोर आठवड्यात एकदा तरी निघतं. कडी साडेचार फुटांवर, बाहेरूनही उघडेल अशी. आतला आरसा मात्र खालपर्यंत हवा आणि भिंतीला पक्का ठोकलेला. नुसता टेकवून ठेवलेला आरसा हा अपघातच आहे, फक्त अजून झालेला नाही.

दारात आल्यावर

मोठ्या माणसाला नमस्कार करा, "या ताई", "या काका" म्हणा, पण दुसरं वाक्य पोराशी बोला: "कितवीत गेलास?" या प्रश्नाने दोन कामं होतात. पोर बोलतं होतं, आणि कितवी आणि कुठली शाळा कळल्याने कुठल्या फळीकडे वळायचं हे तुम्हाला समजतं. लाजून आईच्या मागे लपलं तर सोडून द्या, पुन्हा पुन्हा विचारू नका. आपलं काम करत राहिलात की ते आपोआप बाहेर येतं.

संबोधनात घसरायला फार वाव आहे. बाईमाणसाला "ताई" कुठेही चालतं. "काकू" म्हटल्यावर चाळिशीतल्या आईचा चेहरा पडतो, "वहिनी" ओळखीच्या घरापुरतं ठेवा, आणि "आजी" फक्त खरोखर आजी दिसणाऱ्यांना. "नातीसाठी का?" हा प्रश्न तर तोंडातून काढूच नका, ती आई निघाली तर पुढची विक्री संपली. सोबतचं माणूस कोण हे जाणून घ्यायची गरज नसते. यादी कोणाच्या हातात आहे तेवढं बघा. आठवी-नववीच्या पोरापोरींना "बाळा" म्हणू नका, नाव विचारून नावाने बोला.

गाल ओढणं, केसांतून हात फिरवणं, उचलून घेणं, हे सगळं वर्ज्य. त्याचप्रमाणे "हा जरा जाडा आहे, याला मोठाच नंबर लागेल" असं पोरासमोर बोलायचं नाही. "शर्टाला ३२ नंबर बघू" म्हटलं की तेच काम होतं. पोरगी गणवेशात फ्रॉक मागते की पॅन्ट, यावरही शेरा नको. शाळेच्या यादीत जे असेल ते द्या.

दोन पोरं असतील तर धाकट्याचं माप आधी घ्या. त्याचा धीर पंधरा-वीस मिनिटांत संपतो. थोरल्याला यादी हातात द्या आणि एकेक वस्तू आली की खूण करायला सांगा. त्याला काम मिळतं आणि तुमची यादीही चुकत नाही.

बुटाचं माप

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात जास्त माल परतही इथूनच येतो, म्हणून सावकाश शिका.

पोराला स्टुलावर बसवा, शाळेचे मोजे घालायला द्या. मोजे आणले नसतील तर दुकानात दोन-तीन साइजचे धुतलेले मोजे ठेवलेले असावेत. मग मापाच्या पाटीवर उभं करा. बसून घेतलेलं माप कमी भरतं, कारण वजन पडल्यावर पाऊल पसरतं. टाच मागे टेकलेली हवी. दोन्ही पावलं मोजायची, कारण बहुतेकांचं एक पाऊल थोडं मोठं असतं, आणि बूट त्या मोठ्या पावलाला बघायचा. संध्याकाळी पाऊल किंचित सुजलेलं असतं, तेव्हा सकाळी अगदी नेमका बसलेला बूट संध्याकाळी घट्ट होऊ शकतो.

लांबीत १० ते १२ मिलिमीटर जागा धरा. पाऊल १८ सेंटिमीटर असेल तर आतून साधारण १९ सेंटिमीटरचा बूट. खोक्यावर सेंटिमीटर छापलेले असतील तर तेच बघा, कारण नंबर कंपनीगणिक इकडेतिकडे होतो. आपल्याकडे चालणाऱ्या इंग्लिश नंबरात एका नंबरचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असतो. २८, २९, ३० असे युरोपियन नंबर असतील तर फरक पावणेसात मिलिमीटरच्या जवळपास. नव्या माणसाचा हमखास गोंधळ होतो तो लहान मुलांच्या नंबरात. ते १३ पर्यंत जातात आणि मग पुन्हा १ पासून सुरू होतात. "एक नंबर द्या" असं म्हणणारी आई तान्ह्या पोरासाठी मागते आहे की दुसरी-तिसरीतल्यासाठी, हे पोराकडे बघून ठरवा. माळ्यावरून खोकं काढायला सांगताना "बारीक एक" की "मोठा एक" हे ओरडून सांगायची पद्धत त्यासाठीच आहे.

बूट घातल्यावर आई अंगठ्याने पुढचं टोक दाबते. दाबू द्या, पण त्यावर विसंबू नका, कारण दाबलं की पोरं बोटं आत मुडपतात आणि जागा आहे असं वाटतं. त्यापेक्षा लेस किंवा वेल्क्रो उघडा, पाऊल पुढे सरकवायला सांगा आणि टाचेमागे तुमची करंगळी जाते का बघा. गेली तर ठीक. दोन बोटं गेली तर बूट मोठा आहे. मग बांधून "त्या खांबापर्यंत जा आणि परत ये" म्हणा, आणि तोंडाकडे न बघता टाचेकडे बघा. टाच बुटातून वर-खाली होत असेल तर चार दिवसांत फोड येणार. "टोचतंय का?" असं विचारण्यात अर्थ नाही. आवडलेला बूट असेल तर पोर नाही म्हणतं, नावडता असेल तर हो.

आता "वाढत्या अंगाचा द्या". हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा ऐकाल. त्याला हसायचं नाही, पोरं भराभर वाढतात आणि बूट स्वस्त नाहीत. पण बुटात वाढीव जागा फार तर एका नंबराची. दोन नंबर मोठा दिला तर पोर अडखळतं, टाच घासते, बूट पुढून चुकीच्या जागी मुडपतो आणि वर्ष संपायच्या आधी तिथेच फाटतो, म्हणजे वाचवायला गेलेले पैसे जातातच. हे पालकांना सांगा, पण सांगताना करंगळी टाचेमागे घालून दाखवा. नुसतं बोललात तर तुम्ही आणखी एक जोडी खपवायला बघताय असं वाटतं.

बालवाडी ते पहिली-दुसरी वेल्क्रो बरा. लेस बांधता न येणारं पोर दिवसभर सुटलेल्या लेसवर पाय देत फिरतं. शाळा लेसच मागत असेल तर गोष्ट वेगळी. पावसाळ्यात काही शाळा पहिले दोन-तीन महिने सँडल चालवतात. त्या शाळांची यादी काउंटरखाली चिकटवून ठेवा आणि गिऱ्हाइकाला आपणहून सांगा: "ताई, तुमच्या शाळेला ऑगस्टपर्यंत सँडल चालतात, बूट नंतर घेतलेत तरी चालेल." त्या दिवशीचं एक बिल कमी होईल, पण बूट घ्यायला ती बाई तुमच्याकडेच येईल.

गणवेश

शर्टाला दोन इंच पुढचा नंबर वाढत्या अंगासाठी पुरे. खांद्याची शिवण दंडावर उतरली की शर्ट मोठा झाला, मग छाती कितीही बरोबर असो. पॅन्ट आणि स्कर्टला लांबीची दुमड बघा. आत दोन-तीन इंच कापड असेल तर पुढच्या वर्षी उसवून सोडता येतं आणि हे पालकांना उलटून दाखवायचं. कंबर मात्र मोठी देऊ नका. बेल्टने चुण्या पडतात आणि लघवीला जाताना लहान पोरांना बेल्ट सुटत नाही. पहिलीपर्यंत मागे इलॅस्टिक असलेलीच पॅन्ट द्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, टेरिकॉट फारसं नाही. दोन्हींत एकच नंबर दिलात तर एक चुकणार.

माप घेताना अंगाला हात लागतो, तेव्हा आधी सांगायचं: "खांद्यावर टेप ठेवतो हं." छाती आणि कंबरेभोवती टेप पालकांनी धरायची, तुम्ही फक्त आकडा वाचायचा. पोरगी असेल आणि दुकानात बाई कामाला असेल तर माप तिने घ्यावं. कपडे बदलायला पोर ट्रायल रूममध्ये पालकांसोबतच जाईल, तुम्ही दाराबाहेरून कपडा आत द्याल. "अहो, इथेच बदलू दे, लहान आहे" असं आईच म्हणाली तरी दुकानाच्या मध्ये कपडे उतरवू देऊ नका. गर्दीत प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असतो. ट्रायलच्या वेळी तुमचा मोबाइल खिशात राहील. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण दिलं आहे, आणि या सवयी पोराइतक्याच तुमच्याही बचावाच्या आहेत.

काउंटरवर एका वेळी तीनच नग. जो मागितला तो, एक नंबर पुढचा, आणि किमतीत थोडा खालचा. थप्पीची थप्पी उतरवलीत तर निर्णय लांबतो, पोर कंटाळतं, आणि घड्या घालायला रात्री तुम्हीच बसता.

दप्तर आणि रेनकोट पटकन. दप्तराचं ओझं पोराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं. वीस किलोच्या पोराला दोन किलो. म्हणून रिकाम्या दप्तराचंच वजन जास्त असेल तर ते पहिलीच्या पोराला दाखवू नका. पट्टे रुंद आणि फोमचे, आणि दप्तराचा तळ ढुंगणाखाली लोंबणारा नको. रेनकोट नेहमी पाठीवर दप्तर अडकवून त्यावर घालून बघायचा आणि दोन्ही हात वर करायला लावायचे. मागची घडी उघडत नसेल तर चेन लागणार नाही. हे दुकानात बघितलं नाही तर पहिल्या पावसाच्या संध्याकाळी बदलायला रांग लागते.

हट्ट, रडारड आणि "ते काका ओरडतील"

बहुतेक हट्ट दुकानदारच पेटवतो. पोर दारात आल्याबरोबर चित्रांचं झगमगीत दप्तर त्याच्या हातात दिलं की आईचा ठरलेला आकडा गेला. तेव्हा क्रम असा: आधी मोठ्या माणसाला हळू विचारा, "साधारण कितीपर्यंत बघायचं?" मग त्या किमतीतले दोनच नग काढा, आणि ते पोरासमोर ठेवा: "निळं की लाल?" निवडायचा मान पोराला, किमतीचा अधिकार आईला. पोर वरच्या फळीवरच्या महागड्या दप्तराकडे बोट दाखवेल. ते काढून देऊ नका, आईकडे बघा. तिने मान हलवली तर काढा, नाही तर "ते आज विकायला नाही" असं खोटंही बोलू नका, कारण पाच मिनिटांत तेच दुसऱ्याला विकताना पोर बघेल. "ते वरचं आहे, आज आपण यातलं बघतोय" एवढं पुरतं.

"आई देईल की!", "बाबांना सांग ना", "बाकी सगळ्यांनी हेच नेलंय" ही वाक्यं पोरासमोर बोलायची नाहीत. मालक बोलत असतील तरी तुम्ही बोलू नका.

रडणं सुरू झालं तर आधी कारण शोधा. दुपारी दोनला आलेलं पोर झोपेला आलेलं असतं, संध्याकाळी सातला भुकेलं. उकाडा, घोळणारी गर्दी, लघवी लागलेली, यांतलं काहीतरी निघतंच. पंख्याखाली स्टूल, पाण्याचा ग्लास, आणि जवळचं स्वच्छतागृह कुठे आहे हे तोंडपाठ. चॉकलेट पालकांना विचारल्याशिवाय देऊ नका. कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, आणि प्रत्येक वेळी रडून चॉकलेट मिळतं हे पोरही लगेच शिकतं. तुमचा मोबाइलही देऊ नका.

एक युक्ती बहुतेकदा चालते. बुटाच्या खोक्यातला पातळ कागद जमिनीवर पसरा, पोराला त्यावर एक पाऊल ठेवायला सांगा आणि पेन्सिलीने कडेकडेने रेघ मारा. अंगठ्यापाशी गुदगुल्या होतात, पाय हलतो, रेघ वाकडी जाते, हसू फुटतं. मग पेन्सिल त्याच्याच हातात द्या आणि दुसरं पाऊल त्याला काढू द्या. तेवढ्यात आईची यादी पुढे सरकते. कागद घरी न्यायला द्या.

"गप्प बस, नाहीतर ते काका ओरडतील" असं म्हणून पालक तुमच्याकडे बोट दाखवतात. त्या सोंगात शिरू नका. ज्या माणसाची भीती घातली त्याच माणसाने दोन मिनिटांनी पाय पुढे कर म्हटलं की पोर करत नाही. "काका नाही ओरडत, पण ही बाटली इथेच राहते" असं म्हणून पोराने उचललेली बाटली सावकाश परत फळीवर ठेवा.

कधी आई किंवा वडील वैतागून पोराला चापट मारतात. उपदेश करू नका, बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर तर नाहीच. तो राग घरी पोरावरच निघतो. मध्ये एखादं काम घाला: "ताई, जरा बसा, पाणी आणतो. माल मी बाजूला ठेवतो, तुम्ही सावकाश या." निवडलेला माल पिशवीत घालून चिठ्ठीवर नाव, शाळा आणि वेळ लिहा. पोर झोपल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी एकटी आई अर्ध्या तासात सगळं घेऊन जाते. मारहाण खरोखर गंभीर वाटली तर मालकांना सांगा. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालतो.

गर्दीचा आवाज आणि ट्यूबलाइट सहन न होणारी काही मुलं असतात, स्वमग्न मुलं विशेषतः. त्यांच्या पालकांना सकाळी दुकान उघडल्यावरची पहिली वेळ सुचवा, गाणी बंद ठेवा, आणि दोन नंबरचे बूट घरी घालून बघायला नेऊ द्यायची मालकांकडून परवानगी काढून ठेवा.

तुटलं, फाटलं, खिशात गेलं

काही पडून फुटलं तर क्रम चुकवू नका: आधी पोराला लागलं का, मग काचा उचलणं, मग पैशांची गोष्ट. पोराचा दंड धरून ओढायचं नाही. भरपाई घ्यायची की नाही हे मालकांचं काम. किती रुपयांपर्यंत सोडून द्यायचं हे सीझनच्या आधीच विचारून ठेवा. आमचं मत विचाराल तर खालच्या फळीवर काचेची वस्तू ठेवणाऱ्यानेच तिचे पैसे भरावेत.

खोडरबर, शार्पनर, स्टिकर खिशात जातात. चार-पाच वर्षांच्या पोराला त्यात चोरी कळत नाही. खिसे तपासू नका, मोठ्याने बोलू नका. बिल करताना पालकांना सहज विचारा, "ते खोडरबर पण बिलात धरू का?" नव्वद टक्के आया तिथेच काढून देतात. मोठी मुलं असतील आणि तुम्ही डोळ्यांनी बघितलं नसेल, तर काहीच बोलू नका.

बिल आणि बदली

छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, त्या किमतीत कर धरलेलाच असतो. पैसे ऑनलाइन आले तर दुकानाच्या स्पीकरवर किंवा मालकांच्या फोनवर खात्री झाल्यावरच पिशवी द्या. गिऱ्हाइकाच्या फोनवरचं हिरवं चित्र पुरेसं नाही. सुट्टे नेहमी मोठ्यांच्या हातात. पोर एकटंच आलं असेल तर बिलात पैसे गुंडाळून, मोजून, "घरी गेल्यावर आईला दे" म्हणून द्या, आणि महागाची वस्तू असेल तर घरी फोन करून विचारल्याशिवाय विकू नका.

बदलीचे नियम तोंडाने सांगा, नुसते बिलावर छापून भागत नाही. नंबर बदलून देणं ही दुकानाची सोय आहे. सदोष मालाचं तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणंही त्यातच येतं. म्हणून पहिल्याच दिवशी तळ सुटलेल्या बुटाला "विकलेला माल परत नाही" असं उत्तर देऊ नका.

बूट देताना एक वाक्य कायम: "घरी चटईवर घालून बघा, तळ मळला नाही तर बदलून देऊ." गणवेशाला: "धुवायच्या आधी घालून बघा, टॅग ठेवा." खेळणी विकत असाल तर १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, खोक्यावर तो कुठे आहे हे तुम्हाला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

पोर हरवलं किंवा मागे राहिलं

"जरा हिला बघता का, समोरून भाजी घेऊन येते" याला नम्रपणे नाही म्हणा. गर्दीच्या दुकानात ती जबाबदारी घेता येत नाही.

पोर दिसत नाही असं पालकांनी म्हटलं की लगेच एकाने दारात उभं राहायचं आणि एकटं पोर किंवा ते वर्णन जुळणारं पोर बाहेर जाऊ द्यायचं नाही. दुसऱ्याने ट्रायल रूम, टांगलेल्या रेनकोटांच्या मागे आणि काउंटरखाली बघायचं. दहापैकी नऊ वेळा ते तिथेच असतं. तिसऱ्याने रस्त्यावर, आधी खेळण्यांचं किंवा आइसक्रीमचं दुकान आहे त्या बाजूला जायचं. अंगात काय घातलंय हे पालकांना विचारा. पाच-दहा मिनिटांत सापडलं नाही तर ११२ ला फोन.

उलट, दुकानात एकटं पोर सापडलं तर त्याला बाहेर शोधत नेऊ नका. जिथे सापडलं तिथेच, काउंटरच्या उजेडात, दोन माणसांच्या नजरेखाली बसवा. पोराचं नाव माइकवर पुकारू नका. "निळ्या साडीतल्या ताई, काउंटरपाशी या" असं पुकारा. घ्यायला आलेल्या माणसाकडे पोर कसं बघतं ते बघा, आणि पोराचं नाव, शाळा, कपडे त्या माणसालाच सांगायला लावा.

शटर ओढण्याआधी

चुंबक फिरवा. ट्रायल रूममध्ये राहिलेले कपडे, बाटल्या, एकेकटे मोजे गोळा करून तारखेसह एका पिशवीत ठेवा, लोक दोन-तीन दिवसांनी विचारत येतात. बाजूला ठेवलेल्या मालाच्या चिठ्ठ्या बघा. दोन दिवस कोणी आलं नाही तर फोन करून मगच माल फळीवर लावा. संपलेले नंबर वहीत लिहा. बुटात ११, १२, १३ आणि मोठा १ आधी संपतात, आणि रविवारी संपलेला नंबर होलसेलवाल्याला सोमवारी सकाळी कळवला नाही तर बुधवारपर्यंत तुम्ही फक्त "नाही" म्हणत उभे असता. शाळा सुरू झाल्यानंतरचा पहिला शनिवार-रविवार बदलीचा असतो. त्या दोन दिवसांसाठी बदलीचं काउंटर दाराजवळ वेगळं लावायला मालकांना आताच सांगून ठेवा.